वाइनचं पुस्तक कोणाच्या नावावर लिहायचं?

वाइनची तोंडओळख करून देणारं एक सोपं मराठी पुस्तक आमच्या वाचनालयात आहे, पण ते माझ्या पुतणीच्या नावावर मिळणार नाही. ग्रंथपाल नानांनी आज सकाळी समोरच सांगितलं.

पल्लवीची नाशिकजवळच्या एका वायनरीत पाहुण्यांना माहिती देण्याच्या कामासाठी निवड झाली आहे. सोमवारी चाचणी आहे, त्यावरच नोकरी पक्की होणार. धुळ्या-जळगावच्या दुकानांत मिळाले ते जाडजूड इंग्रजी ग्रंथ. म्हणून आम्ही वाचनालयात गेलो.

पुस्तक व्यसनमुक्तीच्या कपाटात निघालं. नानांनी ते पुसलं आणि देवघेवीच्या रजिस्टरपाशी थांबले.

"भाऊ, हे रजिस्टर बठ्ठं गाव चाळतं, एकूण एक माणूस. लग्नाची पोर शे. उद्या कोणी विचारलं तर? तिच्या नावावर नको."

मी घाईघाईत म्हणालो, "मग माझ्या नावावर लिहा."

नानांनी लगेच पेन उचललं. माझ्या नावाला कुणाचीच हरकत नव्हती.

"राहू द्या नाना," पल्लवी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काका, नोकरी तुम्हाला करायची आहे का?"

ती रिकाम्या हातांनी बाहेर पडली. मला वाटत होतं, मी तिची सोय करतोय.

तुम्ही काय केलं असतं? नवशिक्याला झेपेल असं पुस्तक माहीत असेल तर कळवा. सोमवारी पहाटेच्या बसने ती नाशिकला जाईल, आणि चाचणीत मोबाइलवर वाचलेल्या चार गोष्टींवर तिला निभावून न्यावं लागेल.