केळीचा चीक
कंद कापताना केळीचा चीक बोटांना लागला, त्याचा तुरट वास आला, की चोपड्याजवळची ती बाग आठवते. मी पानांचे नमुने घ्यायला गेलो होतो. बागेची मालकीण अक्का एकटीच ठिबकच्या नळ्या तपासत होती, मुलं पुण्याला. मला समजावून सांगायची भारी हौस. म्हटलं, "अक्का, केळ बियांपासून लावत नाहीत. कंदातून कंद येतो, म्हणजे ही सगळी मुळात एकच केळ." ती हातातली नळी सोडून बागेकडे वळली. मग म्हणाली, "मंग इतला मोठा बागमा ती एकलीच शे का, भाऊ?" तिचं ते 'एकटीच आहे का' मनात घोळवत मी पानं पिशवीत भरू लागलो. आता प्रयोगशाळेत बोलायला कोणी नसलं, की कंदाच्या तुकड्यांपासून बाटल्यांत वाढवलेल्या केळीच्या रोपांनाच मी शास्त्र समजावतो. फक्त ती सगळी मिळून एकच आहेत, एवढं सांगत नाही.