मुखरूचे टाके आणि पारावरचा गोटा

टाके घातलेला माणूस बरा झाला, हे तुमच्या गावात कोण ठरवतं? डॉक्टर? खरं सांगा!

चांदा जिल्ह्यातल्या मूल गावाजवळच्या आमच्या खेड्यात ते पारावरचा गोटा ठरवतो. बांबू तोडणाऱ्या टोळीतला माणूस आजारातून उठला की त्यानं तो दगडी गोटा छातीपर्यंत उचलायचा. उचलला तर दुसऱ्या दिवशी जंगलात, नाही तर टोळीबाहेर. बांबूचा भारा दोघांच्या खांद्यावर असतो. एकानं सोडला की दुसऱ्याची मान जाते. म्हणून ही रीत.

मुखरू या टोळीतला. त्याच्या जांघेत आतडं उतरायचं. अंतरगळ म्हणतात त्याला. गेल्या पोळ्याच्या सुमारास, पंचावन्न साली, चांद्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. दिवाळीपर्यंत गडी ठणठणीत. दिवाळी सरली आणि गोळा पुन्हा त्याच जागी आला.

गावाला तोंड फुटलं. "फुकटचे टाके असेच राह्यते." "अर्धं आतडं काढूनच घेतलं असन." संशय मलाही होता. गरिबाच्या पोटावर कापायला शिकतात लेकाचे! मुखरूला आणि त्याच्या बायकोला, सोमारीला, मोटारीत बसवलं आणि भांडायलाच निघालो.

डॉक्टरनं गोळा दाबून आत सारला. मुखरूकडे रोखून पाहिलं. "काय उचललंस?"

"काई नाई."

"खरं बोल."

"देवाशपथ, काई नाई."

"त्याच्यावर काऊन घसरता? तुमचेच टाके कच्चे असतीन," मी म्हणालो.

"असतीलही. चांगले टाकेसुद्धा कधी सुटतात," डॉक्टर म्हणाला. "पण खरं कळलं नाही तर पुन्हा हेच होईल. आणि गोळा एकदा अडकून बसला, तर माणूस दगावतो."

हे ऐकून सोमारी उसळली. "सांग ना आता! गोटा काय म्या उचलला?"

"तू चूप राय."

"तवा चूपच राह्यली. आता कपाळ पांढरं झाल्यावर बोलू काय?"

मग गावात येऊन मी माझा राग टोळीच्या रामाजी मुकादमावर काढला.

"तू बोलावलं त्याले पारावर?"

"म्या नाई. तो आपल्या पायानं आला."

"मंग थांबवलं काऊन नाई?"

"मोठा पुढारी! तूच उचल ना भाऊ, त्याच्यासंग भारा."

पण मुखरूच्या जागेवर रामाजीचा मेव्हणा लागला आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गोटा मुखरूला पेलणार नाही, याची वाटच पाहत असेल तो!

मुखरू पुन्हा फाडून घ्यायला तयार होईना. "फाडलं तर टोळी जाते, नाई फाडलं तर जीव. पोरं काय खातीन?"

सोमारीनंच तोड काढली. "बांबू फाडाले मी आहो. तू बसून तट्टे विण. पण गोट्याजवळ गेला, तर मी माहेरी चालली."

मुखरू हसला आणि हो म्हणाला. येत्या सोमवारी दोघं चांद्याला जातील. त्या हसण्यावरही माझा भरवसा नाही. डॉक्टर म्हणतो, सहा महिने जड उचलायचं नाही. घरात दाणा नसला तर हा गडी सहा आठवडेही बसणार नाही.

तुमच्या घराला, कोठीला बांबूचे तट्टे लागतातच ना? मग पावसाळ्यापर्यंत ते मुखरूकडूनच घ्या, आणि आणायला तुम्ही स्वतः या. त्याला डोक्यावर घेऊन यायला सांगू नका.