वजनाची रिकामी चौकट

धम्मदीप मला सुरुवातीला भित्रा वाटला होता. कंपनीत तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. मूळचा वर्ध्याकडचा, राहायला धायरीला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. एक ओळ लिहिली तरी दोनदा तपासणार आणि नवख्या पोरांनाही ‘आपण’ म्हणणार. मी कसबा पेठेत वाढलेला. आमच्याकडे कुणी ‘आपण’ म्हटलं की पुढे अपमान येणार हे गृहीत धरतात. याच्या बाबतीत पुढे काहीच येत नाही, हे कळायला मला वर्ष लागलं.

त्याची मुलगी मैत्री दोन वर्षांची असताना गावी तापाने फणफणली. दवाखान्यातली नर्स कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गुणाकार करून औषधाची मात्रा काढत होती. एक शून्य जास्त पडलं. नशिबाने तिचं तिलाच ते वेळेवर दिसलं. पुण्याला परतल्यावर याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मुलाचं वजन घालायचं, औषध निवडायचं, किती मिली द्यायचं ते दिसतं. फुकट, आणि ओपन सोर्स. म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारणा पाठवावी, ती घ्यायची की नाही ते धम्मदीपने ठरवावं. छोटे दवाखाने तो उतरवून घेऊ लागले. नावनोंदणीची कटकट नको म्हणून ती त्याने ठेवलीच नाही. त्यामुळे कोण वापरतंय ते त्याला कळत नसे.

आलेली प्रत्येक सुधारणा तो सकाळी ऑफिसला निघण्याआधी कागदावर तपासायचा. तीन मुलांची वजनं घेऊन पेन्सिलीने मात्रा काढायची, आणि शेवटी वजनाची चौकट रिकामी ठेवून बघायचं. चौकट रिकामी असेल तर प्रोग्रॅमने थांबलंच पाहिजे.

“अडलेली नर्स वजन करेल, डॉक्टरला विचारेल,” तो म्हणायचा. “आकडा दिसला की ती तेवढं औषध देणार.”

मग वाघोलीच्या एका कॉलेजने फतवा काढला. ओपन सोर्स प्रकल्पाने स्वीकारलेल्या दोन सुधारणा दाखवा, वीस गुण मिळवा. छोटा प्रकल्प, त्यात मराठी आणि चालवणारा सभ्य माणूस. दोनशे पोरं तुटून पडली. कोड एआयने लिहिलेला आणि पाठवणाऱ्याने न वाचलेला. एकाने औषधांची नावं वर्णानुक्रमे लावली आणि मात्रा होत्या तिथेच ठेवल्या. धम्मदीपने त्यालाही लिहिलं, “आपण वेळ दिलात, आभारी आहे. हा बदल घेता येत नाही, कारण...” आणि पुढे दहा ओळी कारण.

“अरे, दार लावून घे काही दिवस,” मी म्हणालो.

“मलाही कुणीतरी असंच शिकवलं होतं,” तो म्हणाला. त्याच्या मेलमध्ये तेव्हा चौदाशे पत्रं न वाचलेली होती.

आणि अशा वेळी मी शब्द टाकला. माझी भाची सृष्टी त्याच कॉलेजात शिकते. बहिणीचा फोन आला, मी त्याच्या टेबलापाशी गेलो.

“एकच बदल राहिलाय तिचा. घरचीच मुलगी आहे, बघ जरा.”

“तुम्ही स्वतः वाचलाय?” त्याने विचारलं.

“वाचलाय.”

वाचला नव्हता. प्रत्येक बदलाची संगणक आपोआप एक टेस्ट घेतो, तिच्यापुढची ‘पास’ची हिरवी खूण तेवढी पाहिली होती. माझ्या शब्दावर धम्मदीपने त्या दिवशी पेन्सिल उचलली नाही.

वीस दिवसांनी पुढच्या आवृत्तीच्या तयारीत त्याने चौकट रिकामी ठेवून पाहिली. प्रोग्रॅम थांबला नाही. वजन नाही म्हटल्यावर त्याने आपल्या मनाने दहा किलो धरलं आणि मात्रा सांगितली. तीन किलोच्या बाळालाही तेवढीच.

मी सृष्टीला फोन केला. “मामा, तिथे एरर येत होता ना, तो घालवला,” ती म्हणाली. “एआय म्हणालं सरासरी धर. मग टेस्ट फेल व्हायला लागली, म्हणून तीही बदलून दिली त्याने.” तिला वीसपैकी वीस मिळाले होते.

धम्मदीपने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने तासाभरात दुरुस्ती केली, पहिल्या पानावर लाल अक्षरांत सूचना लावली. पण लोकांनी उतरवून घेतलेला प्रोग्रॅम परत बोलावता येत नाही. मधल्या वीस दिवसांत तो तीनशे बारा वेळा उतरवला गेला होता.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं ती न वाचलेली पत्रं घेऊन बसलो. ‘सर प्लीज ॲक्सेप्ट करा’, ‘सर उद्या लास्ट डेट आहे’, अशा शेकडो पत्रांखाली सोळा दिवसांपूर्वीचं एक पत्र सापडलं. धम्मदीपने ते मोठ्याने वाचलं.

“नमस्कार सर. नवीन बदल फार चांगला केलात. आमचा वजनकाटा दिवाळीपासून बंद आहे, त्यामुळे प्रोग्रॅम अडायचा. आता वजन न घालताही आकडा येतो. मुलांच्या वॉर्डात रोज वापरतो. आपले आभार. मुक्ता सिस्टर.”

खाली ना गावाचं नाव होतं, ना फोन नंबर. त्याने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं: वापरू नका, ताबडतोब फोन करा. मला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

आज नऊ दिवस झाले, उत्तर नाही. दोघांनीही रजा टाकली आहे. सकाळी दवाखाने उघडले की धायरीला त्याच्या घरी बसून आम्ही एकेका जिल्ह्याची यादी घेतो, अर्धी त्याने, अर्धी मी, आणि फोन लावतो. मुक्ता सिस्टर आपल्याकडे आहेत का, एवढंच विचारायचं. नाही म्हणाले की तो पेन्सिलीने फुली मारतो.

काल चौथ्या जिल्ह्यात एका बाईंनी माझा फोन उचलला. मुक्ता नावाचं कुणी नव्हतं. मी फुली मारायला सांगणार, तेवढ्यात सहज विचारलं, वजनकाटा चालू आहे ना?

“कुठला हो चालू,” त्या म्हणाल्या. “दोन महिने झाले बंद पडून. पण आमचं काही अडत नाही आता. तो प्रोग्रॅम आहे ना, तो आपोआप सांगतो.”