विमानाची दुसरी तपासणी

वॉर्डात मृदुलाला आकडा सांगायचा नाही, हे नव्या नर्सनाही लवकरच कळायचं. हृदयरोगाच्या वॉर्डात काही इंजेक्शनं अशी असतात, की एकीने भरली तरी दुसरीने तपासल्याशिवाय द्यायची नाहीत. घाईत असलेली एखादी मुलगी सिरिंज पुढे करून म्हणायची, "चार मिली आहे, बघून घे." मृदुला हात मागे घ्यायची. "सांगितलंस ना? आता मला चारच दिसणार. दुसऱ्या कुणाला तरी बोलाव."

पुण्याहून नर्सिंगची पदवी घेऊन ती ख्राइस्टचर्चला आली त्याला वीसेक वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिच्या हातून मोठी चूक झाली नव्हती, आणि त्याचं श्रेय ती हुशारीला न देता आपल्या भित्रेपणाला द्यायची. हॉर्नबी उपनगरातल्या घरातून बाहेर पडताना इस्त्रीचं बटण स्वतः बंद करून ती नवऱ्याला बघायला पाठवायची. विश्वनाथ कुरकुरत जायचा. "अगं, इस्त्री आहे ती. हार्ट पेशंट नाही."

अशा घरात एका रविवारी मुलाने, श्रीनाथने, पोहे खाता खाता सांगितलं, की तो विमान घेतोय.

त्याने विमान चालवायचं लायसन्स काढलं तेव्हा मृदुला आठवडाभर नीट जेवली नव्हती. पण मग फ्लाइंग क्लबच्या विमानांची तिला सवय झाली. त्यांची देखभाल करणारी माणसं होती, नियम होते. हे विमान मात्र कुणा एका माणसाने स्वतःच्या गराजमध्ये बांधलेलं, आणि वर सेकंडहँड.

"कुणी बांधलंय?" तिने विचारलं.

"ग्रॅहम म्हणून आहे, टेमुकाजवळ. फार्मर होता. अकरा वर्षं लागली त्याला."

"मग एवढं जिवाचं रान करून बांधलेलं विकतो कशाला?"

"स्टेंट टाकलेत. पायलटची मेडिकल पास होत नाही."

एवढी एकच गोष्ट मृदुलाला पटली.

"आणि तपासलंय कुणी?"

"त्याच्या क्लबमधला मित्र इंजिनियर आहे, आई. दर वर्षी तोच बघतो. म्हणाला, स्वीट अ‍ॅज, म्हणजे एकदम झकास."

"मित्राने मित्राचं बघितलं. याला तपासणी म्हणतात का?"

"आई, तू ना, चहातली साखरपण दोघांकडून चेक करून घेशील."

विश्वनाथ हसला, पण तिने बघितल्यावर पोह्यांवर लिंबू पिळायला लागला. मृदुलाने अट घातली. या दोघांना न ओळखणारा कुणीतरी बाहेरचा इंजिनियर आणायचा. आधी काय काय तपासलंय ते त्याला सांगायचं नाही.

"आणि त्याने चांगलं आहे म्हटलं तर?"

"तर मी एक शब्द बोलणार नाही."

असं ती मोठ्या न्यायबुद्धीने बोलली खरी, पण मनातून तिची खात्री होती की काहीतरी निघेल आणि प्रकरण तिथेच मिटेल. तिला ते मिटायलाच हवं होतं.

ग्रॅहमला हे थोडं लागलं. याच विमानातून बायकोला घेऊन तो पार स्ट्युअर्ट आयलंडपर्यंत जाऊन आला होता, असं त्याने फोनवर ऐकवलं. तरी तयार झाला. शनिवारी मृदुला रजा टाकून श्रीनाथबरोबर टेमुकाला गेली. विमान तिच्या कल्पनेपेक्षा फारच लहान होतं. दोन माणसांचं, पत्र्याचं, पांढरं. पंखाच्या वरच्या बाजूला तिचा हात सहज पोचत होता. डनीडनहून आलेला रॉस नावाचा इंजिनियर फारसं न बोलता कामाला लागला. ग्रॅहमने चहा केला. मेंढ्या कुंपणापाशी येऊन बघून गेल्या.

जेवायच्या वेळेला रॉसने शेपटीकडून हाक मारली. शेपटीचा हलणारा भाग ज्या दांड्याने वरखाली होतो, त्याच्या सांध्याला एक बोल्ट होता. बोल्टवर नट होता. नट फिरून सुटू नये म्हणून त्यातून आरपार घालायची बारीकशी पिन मात्र नव्हती. नट अजून घट्ट होता. पण कधी ना कधी तो सैल झाला असता, आणि मग वर गेलेलं विमान चालवणाऱ्याच्या हातात राहिलं नसतं.

ग्रॅहम टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसला.

"मीच उघडलं होतं हे," तो म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात."

"आणि तुमचा मित्र?" श्रीनाथने विचारलं.

"मी त्याला म्हटलं, मागचं सगळं बघून झालंय माझं."

या म्हाताऱ्याला काही सुनवावं असं मृदुलाला वाटेना; गेली वीस वर्षं वॉर्डात असलीच वाक्यं ती अडवत आली होती. पण आतून तिला हायसं वाटलं. तिने पर्स खांद्याला लावली. "चल, निघू या."

श्रीनाथ जागचा हलला नाही. "बाकीचं कसं आहे?" त्याने रॉसला विचारलं.

रॉस म्हणाला की काम सुरेख आहे, पण आता एकूणएक सांधा उघडून बघितल्याशिवाय तो बोलणार नाही. ते बघता बघता दुपार गेली. दुसरं काही निघालं नाही.

मायलेक बाहेर गवतावर उभे होते.

"आई, वॉर्डमध्ये तुला चूक सापडली की काय करतेस?"

"दुरुस्त करायला लावते."

"आणि मग?"

"मग परत तपासते."

"आणि मग औषध फेकून देतेस?"

प्रश्न कुठे चाललाय ते तिला कधीच कळलं होतं. "नाही, पेशंटला देते," ती म्हणाली. "पण त्याला औषध लागतं, श्री. तुला विमान लागत नाही."

"लागतं," तो म्हणाला.

आवाज चढला नव्हता, लाडीगोडी नव्हती. जुनं दुखणं सांगताना पेशंट जसं सरळ सांगतो, तसं त्याने सांगितलं. कुठे दुखतं असं विचारलं तर याला नीट सांगता येणार नाही, हे तिला दिसत होतं. पण खोटं सांगणारा आणि खरं सांगणारा यांतला फरक तिला कळत होता.

ती परत आत गेली. "ती पिन तू घातल्यावर दुसरं कोण बघणार?" तिने रॉसला विचारलं.

"टिमारूहून एक जण येईल. नियमच आहे."

"त्याला आधीच सांगू नकोस, की नीट घातली आहे म्हणून."

रॉसने मान डोलावली. ग्रॅहम खाली बघत म्हणाला, "ही बाई मला दहा वर्षांपूर्वी भेटायला हवी होती."

विमान घ्यायचा दिवस उजाडला तेव्हा टिमारूच्या माणसाची तपासणी होऊन गेली होती आणि हवा स्वच्छ होती. श्रीनाथ ते उडवत रँगिओराच्या विमानतळावर नेणार होता, म्हणजे त्याची गाडी कुणीतरी घरी आणायला हवी होती. विश्वनाथ ऑफिसच्या कामाला वेलिंग्टनला गेला होता. राहिली मृदुला. श्रीनाथने किल्ली तिच्या हातात दिली आणि सांगितलं, "मी समुद्राच्या बाजूने जाणार. हायवेवरून दिसणार नाही. उगाच वर बघत चालवू नकोस."

तिने नाही बघितलं. ॲशबर्टन गेलं, राकाइयाचा लांबलचक पूल गेला, ट्रकच्या मागे ती शिस्तीत राहिली. पूल ओलांडल्यावर एका जागी तिने गाडी कडेला घेतली, उतरली आणि पूर्वेकडे बघितलं. आभाळात काही नव्हतं. मग आत बसून तिने पट्टा लावला, इंडिकेटर दिला, आणि मागून येणारी गाड्यांची रांग संपायची वाट बघत राहिली.