पितांबररावांचा अस्सल ऊद

धुळ्याच्या देवपुरात पितांबर देवरे यांचे पूजासाहित्याचे दुकान आहे. त्यांच्या नाकाची ख्याती दुकानाहून मोठी. ती पसरवण्याचे काम मात्र त्यांनी स्वतःच अंगावर घेतलेले. कोऱ्या अगरबत्त्या आणायच्या, बाटलीतल्या तयार वासात बुचकळायच्या आणि 'अस्सल ऊद' छापलेले वेष्टन चढवायचे, यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले. या काळात खरा ऊद त्यांनी एकदाही हुंगला नव्हता.

तरीही गिऱ्हाईक समोर आले की त्यांना कंठ फुटे. आसामकडच्या रानात झाडाला जखम होते, जखमेत बुरशी शिरते, जीव वाचवायला झाड लाकडात राळ साठवते. ते काळे पडलेले लाकूड म्हणजे ऊद, त्यावर अरबांचे शेख जीव ओवाळून टाकतात. हे सांगताना पितांबरराव डोळे मिटून घेत. पत्नी हेमलता आतून म्हणे, "अहो, डोळे उघडा. गिऱ्हाईक गेले."

या श्रावणात त्यांच्या घरी कानबाई बसायची होती. ही देवी पिढ्यान्‌पिढ्या पिंपळनेरजवळच्या मूळ गावी, कुळातले वडीलधारे झुलाल आबा यांच्या घरी बसे. आबा थकले, तेव्हा एक वर्ष देवपुरात बसवून पाहू, असे भाऊबंदांनी ठरवले. सारे नीट पार पडले तर मान कायमचा पितांबररावांचा. गावात ज्यांना कुणी 'या, बसा' म्हणत नसे, त्यांच्या दारी सारे कूळ रोटाचा प्रसाद खायला येणार होते. या मानासाठी हेमलतेने आठ दिवस कंबर मोडून घर घासले. पितांबरराव ऊद शोधत फिरले.

धुपारण्यात दरवर्षी राळ पडे. ती आता त्यांना आपल्या योग्यतेला शोभेना. अत्तरवाले नूर महंमद यांच्याकडून त्यांनी उदाच्या खऱ्याखुऱ्या कपच्या आणवल्या.

"शेठ, निखाऱ्यावर राखेचा थर द्या," नूर महंमद म्हणाले. "वर नखाएवढी कपची ठेवा. पहिला वास उग्र येतो. जरा दम धरा."

"चाचा, तुम्ही मला उदाचे शिकवता?" पितांबरराव हसले.

रविवारी आरतीला घर भाऊबंदांनी भरून गेले. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत याची खात्री करून घेऊन पितांबररावांनी, राळ टाकावी तशी, ओंजळभर कपच्या रसरसत्या गोवऱ्यांवर टाकल्या आणि सवयीने डोळे मिटले.

आधी गोठ्याचा वास आला. मग भिजलेल्या बोकडाचा. पाठोपाठ जळक्या कातड्याचा धूर छतापर्यंत चढला. गाणी म्हणणाऱ्या बायका पदर नाकाला लावून थांबल्या.

"पितांबर," आबांच्या बहिणीने, भुरीअक्काने, खोकत विचारले, "घरमा बोकड बांधेल शे का रे?"

"बांधेल नही, अक्का, जळी ऱ्हायना!" चुलतभाऊ लोटन म्हणाला, आणि देवीसमोर हसू नये हे सारे कूळ विसरले.

"हा अस्सल आहे! दम धरा!" पितांबरराव ओरडले. त्यांच्याच डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मनातल्या मनात ते नूर महंमदला शिव्या देत होते. ज्याला आपल्या दुकानातल्या बाटलीसारखा वास येत नाही, तो ऊद कसला? चाचाने नकली माल गळ्यात मारला, याविषयी त्यांना तिळमात्र शंका उरली नव्हती. पण ते बोलून दाखवायचे, तर आपण फसलो हेही बोलावे लागले असते.

हेमलतेने धुपारणे उचलून अंगणात नेऊन ओतले. नव्या निखाऱ्यांवर नेहमीची राळ टाकली. गाणी पुन्हा सुरू झाली.

सोमवारी पांझरेवर विसर्जन झाले. आबांनी पितांबररावांच्या पाठीवर हात ठेवला. "तुनी मेहनत दखाई गई, भाऊ. पुढला सालले कानबाई लोटनना घर बसी."

हेमलतेने देवीचा चौरंग लोटनच्या टेम्पोत नेऊन ठेवला, त्यावरचे ओले कुंकू पदराने टिपले.

"या लोकांना नाकच नाही," पितांबरराव तिच्या मागून येत म्हणाले.

"आहे म्हणून तर चौरंग चालला," ती म्हणाली आणि घराकडे वळली.

पितांबरराव टेम्पोच्या फाळक्याला धरून लोटनला समजावू लागले की मोठ्या सुगंधाची जाण एका दिवसात येत नसते, त्याला संस्कार लागतात. लोटनने आदराने मान डोलावली. टेम्पो सुरू झाला, फाळका हातातून सुटला, तरी त्यांचे वाक्य पुरे व्हायचे होते.