तांबूची कातडी

नाव विचारायच्या आधी डॉक्टर समोरच्याचा हात धरायचे. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूने अंगठ्याचं नख ओढायचे आणि कोटाच्या खिशातलं घड्याळ काढून त्याच्याकडे बघत बसायचे. "रव मरे," म्हणायचे, "आधी कातडीक बोलांदे. मगे तू बोल."

बहुतेकांच्या हातावर ती रेघ लाल व्हायची आणि विरून जायची. क्वचित एखाद्याची मात्र दोरीसारखी फुगून वर यायची. अशा माणसाच्या अंगावर पित्ताच्या गांधी चटकन उठतात, आणि डॉक्टरांना जगात दुसऱ्या कशाचं एवढं कुतूहल नव्हतं. पोटात दुखतंय म्हणून आलेला माणूस पोट धरून बसलाय आणि हे त्याच्या हातावरची दोरी बोटाने चाचपतायत, असं मी कितीदा तरी पाहिलंय. एकदा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. अक्षता टेबलावर ठेवून वर बघतात तर हात डॉक्टरांच्या हातात! नख ओढून झालं, घड्याळ बघून झालं, आणि "सुंगटां जपान खावा", म्हणजे कोळंबी जपून खा, असा सल्ला घेऊनच ते पायरी उतरले. गावात त्यांना नखवालो डॉक्टर म्हणत.

आजारी माणसापेक्षा आजारच ज्याला जास्त आवडतो असा एखादा डॉक्टर तुम्हीही पाहिला असेल. मीही सुरुवातीला त्यांना त्यातलेच समजत होतो.

मालवणात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता आणि मी तिथे कंपाउंडर होतो. जिल्हा तेव्हा रत्नागिरीच. औषधं मुंबईहून बोटीने यायची, आणि पावसाळ्यात बोट बंद झाली की कोल्हापूरकडून एसटीने. बाटल्यांना डोसाच्या कागदी पट्ट्या कापून चिकटवण्यात माझी अर्धी हयात गेली.

आमच्याकडे अंगावर गांधी उठण्याला कुणी आजार समजत नाही. सुंगटं बाधली, शिळा बांगडा बाधला, की अंग लाल होतं, खाज सुटते. घरातली बाई सोलं, म्हणजे आमसुलं, पाण्यात कुस्करून अंगाला चोळते आणि संध्याकाळपर्यंत सगळं ओसरतं. डॉक्टर सोलांना हसत नसत. "चोळा, थंड वाटता," म्हणायचे. "पण गळो सुजलो तर सोलांची वाट बघीत बसा नको, माझ्याकडे धावत येवा."

त्यांना हा ध्यास लागला तो एका खलाशामुळे. पेनिसिलिन तेव्हा नवीन होतं आणि लोकांना सुई म्हणजे देवाचा प्रसादच वाटायचा. तारकर्लीचा तो खलाशी पायाची जखम चिघळली म्हणून आला, सुई घेतली आणि बाकावर बसून तंबाखू मळू लागला. तळवे खाजतात म्हणाला. मी हसून म्हटलं, "लॉटरी लागतली तुका." तोवर त्याच्या मानेवर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला. डॉक्टर उताऱ्याचं दुसरं इंजेक्शन भरेपर्यंत तो बाकावरून खाली घसरला होता. मळलेली तंबाखू त्याच्या मुठीतच राहिली.

त्यानंतर महिनाभर डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई हातात धरली नाही. पण सुई न देऊनही माणसं मरत होतीच. ज्याला ती बाधते त्याला आधी ओळखता आलं पाहिजे, ही एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली. त्या माणसाच्याच कातडीत औषधाचा थेंब टोचून बघावा, तर त्या थेंबानेही तो जाऊ शकतो. दुसऱ्या माणसावर बघावं, तर एकाचं रक्त दुसऱ्याला टोचून कावीळ लागायची भीती. मग कुठल्याशा जुन्या वैद्यकीय मासिकात त्यांनी वाचलं की कुत्र्याच्या अंगावरही मुद्दाम गांधी उठवता येतात.

रीत अशी होती. ज्याला गांधी उठतात त्याचं थोडं रक्त काढायचं. ते गोठलं की वरचं पिवळं पाणी घ्यायचं आणि कुत्र्याच्या पोटावरचे केस भादरून तिथल्या कातडीत टोचायचं. जागेभोवती जांभळ्या औषधाचं वर्तुळ काढायचं. दुसऱ्या दिवशी, त्या माणसाला जे बाधतं त्याचा थेंब त्याच वर्तुळात टोचायचा आणि घड्याळ घेऊन बसायचं. सुंगटं बाधणाऱ्या दोघांच्या रक्तावर खरोखरच रुपयाएवढ्या गांधी उठल्या. त्या दिवशी डॉक्टरांनी मला चक्क मिठी मारली. "अरे, माणसाची गांध आणि कुत्र्याची गांध एकच आसा!" म्हणाले. "सख्खी भावंडां!"

कुत्र्याची कातडी मुळात जागी आहे का, म्हणजे तिच्यावर काही उठू शकतं का, हे पडताळायला मोठ्या शहरांत एक औषध टोचत. ते आमच्याकडे मिळायचं नाही. डॉक्टरांनी त्यावर आपली कोकणी तोड काढली होती, खाजकुयलीची. कुंपणावरच्या शेंगेची दोन-चार कुसं कुत्र्याच्या मांडीला चोळायची. कुत्रं खाजवायला लागलं की कातडी जागी.

कुत्री आम्ही मासळीबाजारातून आणायचो आणि दवाखान्यामागे उंडीच्या झाडाखाली बांधायचो. हे लिहिताना आज मला बरं वाटत नाही, आणि तेव्हाही वाटत नव्हतं. दोन कुत्री या खटाटोपात मेली. डॉक्टरांनी स्वतः कुदळ घेऊन त्यांना पुरलं, मला हात लावू दिला नाही. लोक नावं ठेवायचे, "आता कुत्र्यांचो दवाखानो केल्यान," म्हणून रस्त्यावरून जाताना मोठ्याने हसायचे. डॉक्टर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मला मात्र त्यांनी बजावून ठेवलं होतं: कुत्र्याला नाव ठेवायचं नाही, गोंजारायचं नाही, आणि त्यांना विचारल्याशिवाय काही खायला घालायचं नाही.

मी तिन्ही गोष्टी केल्या. नंतर आणलेल्या एका कुत्र्याला मी तांबू म्हणायचो. तांबूस रंगाचा, एका कानाचा तुकडा उडालेला, आणि मी मागल्या दारी दिसलो की शेपटीबरोबर सगळं अंग हलवणारा. तशाच एका सुंगटाच्या प्रयोगानंतर त्याने खाजवून खाजवून पोट रक्ताळून घेतलं होतं. आमच्या कपाटात गांधींवरच्या गोळ्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना मीच त्या पुडीत बांधून द्यायचो. त्यातली एक मी चुरली, घरून आणलेल्या भातात आणि मासळीच्या कालवणात कालवली आणि सकाळी डॉक्टर यायच्या आधी तांबूला घातली. दुपारी तो पाय पसरून शांत झोपला. मला फार बरं वाटलं. मग मी रोज सकाळी घालू लागलो.

त्याच आठवड्यात भिकाजी आपल्या बायकोला खाटेवर घालून घेऊन आला. भिकाजी रापणीवर जाळं ओढायला जाणारा, आमच्याच गावचा. बायको सहा दिवसांची बाळंतीण, अंगात भट्टीसारखा ताप. आधीचे दोन दिवस डॉक्टरांनी पाठवलेल्या साध्या गोळ्यांनी काही फरक पडला नव्हता. तिला पेनिसिलिनच हवं होतं. पण डॉक्टरांनी नख ओढलं तर हातावर दोरी उठली. वर भिकाजी म्हणाला, मागे कुडाळात कसलीशी सुई घेतल्यावर हिचं अंग गांधींनी भरलं होतं. कसली सुई, ते त्याला सांगता येईना.

"आजचो दिस कसो तरी काढूया," डॉक्टर त्याला म्हणाले. "उद्या सकाळी सांगतंय, सुई दिवची की नाय ती."

तिचं रक्त घेतलं आणि तांबूच्या पोटावर टोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळ्या वर्तुळात पेनिसिलिनचा थेंब टोचला. मी तांबूचे पाय धरून बसलो होतो, डॉक्टर घड्याळ धरून. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. वर्तुळात काही उठलं नाही. डॉक्टरांनी त्याच्या मांडीला खाजकुयली चोळली. तांबू लगेच पाय झाडून खाजवू लागला.

"कातडी जागी आसा," डॉक्टर म्हणाले, "आणि काय बोलणा नाय. देऊया सुई."

इथे मला नीट सांगायला हवं. सकाळची गोळी तांबूच्या पोटात होती. ती गोळी गांधी दाबते, हे मालवणात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण वाटलं, डॉक्टर चिडतील. वाटलं, तांबू खाजवतोय, म्हणजे गोळीचा असर उतरला असेल. आत ती बाई कण्हत होती, बाहेर पायरीवर भिकाजी बसला होता. आणखी एक दिवस थांब, असं त्याला कोण सांगणार? एवढी सगळी कारणं मला दोन मिनिटांत सुचली. बोलायला एक वाक्य पुरलं असतं, ते मात्र तोंडातून निघालं नाही.

सुई दिल्यावर ती तळवे एकमेकांवर घासू लागली.  मग मानेवर गांधी, मग ओठ, मग तो घशातून येणारा आवाज. या वेळी डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन आधीच भरून ठेवलं होतं. एक दिलं, पुन्हा दिलं, तिची छाती दाबत राहिले. अर्ध्या तासात सगळं संपलं. बाजूला दुपट्यात गुंडाळलेली तिची मुलगी रडत होती.

डॉक्टर तसेच बाहेर गेले आणि भिकाजीच्या शेजारी पायरीवर बसले. "भिकाजी, माझी चूक झाली," म्हणाले. "माझ्या सुयेनच ती गेली. तुका काय बोलाचां तां माका बोल."  मी दारात उभा राहून ते ऐकलं.

ते उठून मागल्या दारी आले. त्यांच्याशी जुनी ओळख असल्यासारखा तांबू शेपटी हलवत पुढे आला. डॉक्टरांनी त्याला लाथ मारली. एकच, पण जोराची. तांबू केकाटत झाडामागे गेला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ह्येका कोणी काय खाऊक घातलां होतां?"

"नाय," मी म्हटलं.

"तू?"

"नाय, डॉक्टर."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, हेच तर सगळं वाईट झालं.

त्याच दिवशी त्यांनी तांबूचा दोर कापला. या प्रयोगांबद्दल मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांना पाठवायला लिहीत आणलेलं पत्र फाडलं. "माणसाची गांध वेगळी आणि कुत्र्याची वेगळी," म्हणाले. "सख्खी सोड, सावत्रसुद्धा नाय. मी उगीच नातां जोडलंय." त्यानंतर त्यांनी कुणाच्या हातावर नख ओढलं नाही. पेनिसिलिन लागेल त्याला दुसरीकडे जा म्हणून सांगायचे. काही जण जायचे, काहींना तेवढा वेळ मिळायचा नाही. त्यातलं कोण कोण वाचलं असतं, हा विचार मी टाळत आलो. दवाखाना हळूहळू ओस पडला. समोरच्या भिंतीकडे बघत डॉक्टर बसून राहायचे आणि मी रिकाम्या बाटल्या धूत राहायचो.

पुढे काही वर्षांनी एक तरुण डॉक्टर गावात आले. दुसऱ्याच कुणाची तरी हकीकत म्हणून मी त्यांना हे सगळं विचारलं. ते म्हणाले, खाजकुयलीची खाज वेगळी, ती या गोळीने थांबत नाही. गांध थांबते. माझा चेहरा पडला असावा, कारण ते पुढे म्हणाले, माणसाचं रक्त कुत्र्याच्या कातडीत दरवेळी रुजेलच असंही नाही. गोळी नसती तरी कदाचित काही उठलं नसतं. ते 'कदाचित' मी कितीतरी दिवस उशाशी घेऊन झोपलो. झोप फारशी लागली नाही.

डॉक्टर शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मी रोज जायचो. रोज ठरवून जायचो की आज सांगायचं. एका दुपारी मी पेज भरवत होतो. चार घास झाल्यावर त्यांनी हाताने थांबवलं.

"तांबू म्हणायचंस ना तू तेका?" त्यांनी विचारलं.

 नाव ठेवलेलं त्यांना ठाऊक होतं.

"मी तेका लाथ मारलंय रे," ते म्हणाले. "मुको जीव. तेचो काय अपराध? जां तेका येणा नाय, तां मी तेका विचारलंय."

मी पेजेची वाटी खाली ठेवली. "डॉक्टर, त्या सकाळी..."

"रवांदे," त्यांनी डोळे मिटले. "आता बोलान काय होतला? बाय माझ्या हातान गेली."

तरीही सांगता आलं असतं. ते जागे होते, ऐकत होते. पण राहू दे म्हणणारं माणूस मला आयतं मिळालं होतं, आणि मी राहू दिलं. चार दिवसांनी डॉक्टर गेले.

अंत्ययात्रेला माणसं फार नव्हती. बंदरावरच्या रस्त्याने आम्ही निघालो. वळणावर खांदा बदलला आणि माझ्या शेजारी भिकाजी आला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. 

"माणूस बरो होतो," तो म्हणाला. "एकदाच चुकलो. पण माझ्या म्होरे बसान तसां सांगल्यान. आपली चूक अशी कोण सांगता?"

आमच्या दोघांच्या खांद्यावर डॉक्टर होते.

"व्हय," मी म्हटलं. "कोण सांगता."