जिनिंगच्या वर्कशॉपातली रेसगाडी

वर्कशॉपात काम भरपूर असलं की किस्से घडत नाहीत. काम नसलं की घडतात, आणि मग साठतच जातात. कापसाची ती वाईट वर्षं आमच्या यवतमाळच्या वर्कशॉपानं अशीच काढली. आमचा धंदा जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या, मशिनी दुरुस्त करायचा. जिनिंग बंद म्हणजे आम्हीही बंद. माझा भागीदार सलीमभाई, लेथवर त्याचा हात धरणारा कोणी नाही, पुण्याच्या कारखान्यात जायला बॅग भरून बसला होता. त्याच आठवड्यात दारव्ह्याचे वकीलसाहेब आले.

"घरी एक जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार पडून हाय," ते म्हणाले. "तिले रेसमध्ये उतरवायचं हाय."

सलीमभाईनं माझ्याकडे पाहिलं. "पुणं काय पळून नाही जात," तो म्हणाला.

*

एक इंग्रज साहेब कापूस खरेदीला यायचा. देश सोडताना त्यानं ही गाडी वकीलसाहेबांच्या वडिलांना दिली. हिरवी, दोन सीटची, लांब नाकाची. आम्ही ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आणायला गेलो, तर गाडी तुराट्यांच्या ढिगाखाली, आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. सलीमभाईनं हात पुढे केला तसं वकीलसाहेबांनी अडवलं.

"कायद्यानं ताबा तिचा हाय. पिल्लं निघू द्या, मग न्या."

आम्ही रिकामी ट्रॉली घेऊन परत आलो.

*

पुढं गाडी आली, पण तिचे नट आमच्या एकाही पान्याला बसेनात. आमचे पाने मिलिमीटरचे, तिचं सगळं इंचात. मी मुंबईला फोन लावायच्या तयारीत होतो. सलीमभाई मागच्या खोलीत गेला आणि जिनिंगच्या जुन्या विलायती मशिनींचे गंजके पाने घेऊन आला. पहिलाच पाना खट्टकन बसला.

"बसनारच," तो म्हणाला. "दोघायचं माहेर एकच हाय."

*

रेससाठी जोर वाढावा म्हणून इंजिनचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून सीटमागे जाड पाइपाची कमान वेल्ड केली. मग वजन कमी करायला घेतलं. बंपर काढले, टप काढला, काचेऐवजी हातभर फायबरची पट्टी लावली. वकीलसाहेब रोज येऊन विचारायचे, "आणखी काय कमी करता येईन?"

एक दिवस सलीमभाईनं त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "एक गोष्ट राह्यली साहेब, पण बोलनं बरं नाही दिसत."

दुसऱ्या दिवसापासून वकीलसाहेब पायी फिरायला लागले.

*

ट्रायल दारव्हा रोडवर. मार्केटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि नेमकी तिथंच आमची गाडी बंद पडली. लोक हसतील म्हणून मी घामाघूम. पण रांगेतले लोक उतरले आणि ढकलायला लागले. इंजिन सुरू झालं तसं एक म्हातारे काका बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "आमच्या कापसाले तं कोनी इचारून नाही राह्यलं. तुमी तरी नंबर घेऊन या."

 वर्कशॉपात आल्या आल्या सलीमभाईनं कार्बोरेटर खोलला.

*

खरी अडचण गिअरची होती. वकीलसाहेबांनी गिअर टाकला की दात वाजायचे. एकदा शेजारच्या सीटवर त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी होत्या. बराच वेळ ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, क्लच दोनदा दाबा. मधी न्यूट्रल करा."

"तुले काय माहीत?"

"महागावले बाबांचा ट्रॅक्टर मीच चालवत होती."

त्यांनी जागा बदलली. वहिनींनी गाडी बायपासपर्यंत नेऊन आणली, गिअरचा आवाज एकदाही नाही. वकीलसाहेब घरी गेले. दोन रात्री त्यांना झोप लागली नसावी, चेहऱ्यावर दिसत होतं. तिसऱ्या दिवशी ते वर्कशॉपात आले आणि आपलं नवं हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"याच्यात आतून फोम लावून द्या," ते म्हणाले. "तिच्या मापाचं पाह्यजे."

*

रेस नागपूरकडच्या एका जुन्या धावपट्टीवर होती. मोठ्या शहरांतल्या गाड्या ट्रकमधून उतरत होत्या, आमची वहिनींनी यवतमाळहून चालवत आणली. जुन्या गाड्यांच्या गटात शेवटच्या वळणापर्यंत त्या तिसऱ्या होत्या. वळणावर पुढच्या दोघांनी ब्रेक मारले. वहिनींनी मारले ते अगदी वळणाच्या तोंडाशी. पहिल्या आल्या. सलीमभाई कुंपणाची तार धरून रडत होता, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. पुण्याला तो गेलाच नाही. पुढं लोक जुन्या जिपा, जुन्या गाड्या घेऊन लांबून लांबून आमच्याकडे यायला लागले.

*

पण मला विचाराल तर सगळ्यात भारी किस्सा परतीच्या वाटेवरचा. वहिनी गाडी चालवत होत्या. वकीलसाहेब शेजारी, जिंकलेला कप मांडीवर. मागून टेम्पोत मी आणि सलीमभाई. एका नाक्यावर पोलिसानं हात केला. गाडीभोवती एक चक्कर मारून तो वकीलसाहेबांच्या बाजूला आला.

"गाडी भारी हाय, साहेब. मालक तुमीच का?"

कागदपत्रांवर नाव वकीलसाहेबांचंच. त्यांनी कप नीट सावरून धरला.

"मालकीन चालवून राह्यली," ते म्हणाले. "मले दारव्ह्यापर्यंत सोडून देते म्हने."